पहिल्या एचबीएवनसीपासून दुसऱ्यापर्यंत

'शुगर निघाली' हे बहुतेकांना दुसऱ्याच कशासाठी तरी केलेल्या तपासणीत कळतं. हर्नियाच्या ऑपरेशनआधीचं रक्त, विम्याचं मेडिकल, कंपनीचं वार्षिक चेकअप. काही दुखत नसतं, खुपत नसतं, आणि रिपोर्टवर एका आकड्याशेजारी ठळक 'एच' छापलेला असतो. संध्याकाळपर्यंत साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो आणि ओळखीच्या प्रत्येकाकडून एकेक पथ्य जमा होऊ लागतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला होता. सल्ला देणाऱ्यांचा तुटवडा पडणार नाहीच. त्या सगळ्याच्या आधी तो आकडा नीट वाचायला हवा.

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, हे निदानाचे आकडे. खूप तहान, रात्री तीनतीनदा लघवीला उठणं, वजन उतरणं अशी लक्षणं असतील आणि कधीही घेतलेल्या रक्तात साखर २००च्या वर असेल, तर शंकेला जागा नाही. लक्षणं नसतील तर निदान पक्कं करायला दोन निकाल लागतात: एकाच दिवशी फास्टिंग आणि एचबीएवनसी दोन्ही वाढलेले, किंवा तीच तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. नुसतं एक फास्टिंग १३१ आलं, तेही ताप असताना किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना, तर पुन्हा तपासणी मागण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

एचबीएवनसी ही 'तीन महिन्यांची टेस्ट' का, तर तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटत राहते. टक्केवारीला २८.७ने गुणून ४६.७ वजा केले की सरासरी साखर मिळते. ७ टक्के म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. अलीकडच्या महिन्याचा भार त्यात सगळ्यात जास्त असतो. ही टेस्ट फसवतेही. लोह कमी असलेल्या पंडुरोगात ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि आपल्याकडे बायकांमध्ये हा पंडुरोग घरोघरी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. तिथे, किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असताना, एचबीएवनसीवर विसंबू नये. म्हणून त्या आकड्याशेजारी हिमोग्लोबिन किती आहे हेही पाहावं. साधी गोष्ट आहे, पण फार कमी लोक पाहतात.

'मी तर सडपातळ आहे, मला कसा?' हा प्रश्न हमखास येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलं आणि इंग्लंडमधल्या जॉन युडकिन या सहकाऱ्याचं छायाचित्र छापलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२. जास्त चरबी कोणाची, हे सांगायला नको. भारतीय माणूस वजनकाट्यावर बारीक दिसतो आणि पोटात चरबी साठवून असतो. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेघ २५ऐवजी २३वर ओढतात, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत धरतात. टेप बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे. पँट पोटाखाली बसते.

पण खरोखरच बारीक आणि तरुण माणूस असेल, दोन महिन्यांत सातआठ किलो वजन गेलं असेल, लघवीत कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारे पदार्थ) येत असतील, तर हा टाइप टू, म्हणजे इन्सुलिन असूनही पुरं न पडणारा नेहमीचा मधुमेह आहे असं गृहीत धरू नये. मोठ्या वयातही टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ थांबतं तो प्रकार, सुरू होतो. जीएडी अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटलंय का) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं) या तपासण्यांनी उलगडा होतो. अशा माणसाने गोळ्यांवर वाट पाहत बसणं धोक्याचं आहे. त्याला बहुधा इन्सुलिनच लागतं.

पहिल्या आठवड्यातच उरकायच्या आणखी तपासण्या आहेत, कारण टाइप टू बहुधा कित्येक वर्षं गुपचूप मुरलेला असतो. निदानाची तारीख ही आजाराची तारीख नसते. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीत. ३०च्या आत हवं. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनी ते खोटं वाढतं. रक्तातलं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), एसजीपीटी (यकृतासाठी). मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू होणार असेल तर आधीचं बी-१२ नोंदवून ठेवलेलं बरं, विशेषतः शाकाहारी माणसाचं. पायाची तपासणी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे जाड नायलॉनच्या धाग्याचं टोक तळव्यावर दाबून: डोळे मिटून किती जागी कळतं ते पाहतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते मागून घ्यावं लागतं.

डोळ्यांची तपासणी थेंब टाकून पडदा पाहण्याची हवी, चष्म्याचा नंबर काढणारी नव्हे. थेंबांनी बाहुल्या चारसहा तास मोठ्या राहतात, उन्हात डोळे दिपतात; स्कूटर घेऊन जाऊ नये, सोबत कोणीतरी न्यावं. आणि नवा चष्मा लगेच करू नये. साखर चढलेली असताना डोळ्याच्या भिंगात पाणी साठून नंबर बदलतो. औषधाने साखर उतरू लागली की तो पुन्हा बदलतो. काहींना पहिल्या पंधरवड्यात उलट जास्तच अंधुक दिसतं आणि ते घाबरून गोळी बंद करतात. सहाआठ आठवडे साखर स्थिर राहिल्यावरच नंबर काढावा.

आता ग्लुकोमीटर, म्हणजे घरी बोटातल्या थेंबावरून साखर मोजायचं यंत्र. याच्याबद्दल लांबवर लिहायला हवं, कारण निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच होतो.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावरची साखर थेंबात उतरते आणि आकडा भलताच वर जातो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. ओल्या बोटाने उलट रक्त पातळ होतं. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही. मधे दुखतं जास्त. थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं की पेशींमधलं पाणी मिसळतं. हात खाली लोंबता ठेवून अर्धा मिनिट थांबावं, तरी येत नसेल तर टोचायच्या (लॅन्सेट) पेनची खोली एक आकडा वाढवावी. स्ट्रिपची डबी काढल्यासरशी बंद करायची. कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी आठवडाभरात दगा देते. फ्रिजमध्येही ठेवू नये. डबी फोडल्याची तारीख झाकणावर लिहावी. छापील एक्स्पायरी न फोडलेल्या डबीची असते, फोडल्यावरची मुदत आतल्या कागदावर वेगळी दिलेली असते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत, झाकण लावून. ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळ्या टाकल्या तर त्या कचरा वेचणाऱ्याच्या हातात जातात.

मीटर किती अचूक? मानकाप्रमाणे १००च्या वरच्या आकड्यांत १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे १५०च्या जागी १२८पासून १७२पर्यंत काहीही दिसलं तरी यंत्र बिघडलेलं नाही. 'काल १४२, आज १५१, काय चुकलं?' याला उत्तर नाही, कारण काही चुकलेलंच नाही. लॅबशी तुलना करायची तर उपाशीपोटी, रक्त काढल्यावर पाच मिनिटांत. जेवणानंतर बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते, तेव्हाची तुलना निरर्थक.

बहुतेक लोक रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचतात आणि त्या एका आकड्यावर दिवसाची मनःस्थिती ठरवतात. पहिल्या तीन महिन्यांत शिकायला सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच. सकाळची साखर पहाटे यकृत सोडतं. रात्री न जेवता झोपलं तरी ती १४० येऊ शकते, आणि माणूस म्हणतो, 'उपाशी राहूनही वाढली.' ती बहुधा वजन आणि गोळी या दोन्हींचा परिणाम दिसू लागल्यावर उतरते. शिकवतो तो जोडीचा आकडा: जेवणाआधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. जेवण संपल्यापासून मोजलेले दोन तास म्हणजे अडीच होतात. दोन आकड्यांतला फरक हे त्या ताटाचं प्रगतिपुस्तक. चढ साधारण ५०च्या आत असेल तर ते ताट चालतं असं धरावं. ८०-९० चढत असेल तर ताटात काय होतं ते पाहावं. ५० स्ट्रिपांत पंचवीस ताटं होतात, आणि घरात फिरून फिरून शिजतं ते तेवढंच. पहिला आठवडा फक्त नाश्ता, मग दुपारचं जेवण, मग रात्रीचं. एका वेळी एकच बदल. पोहेही बदलले, चालायलाही लागलो आणि गोळीही वाढली, तर कशाने काय झालं हे कुणालाच कळत नाही. सर्वसाधारण उद्दिष्ट उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत. वय जास्त असेल किंवा साखर एकदम खाली जाण्याची भीती असेल तर डॉक्टर ते सैल करतात.

या जोड्यांतून काही गोष्टी हमखास दिसतात. पोहे, उपमा, इडली यांचा नाश्ता दिवसातला सर्वांत मोठा उंचवटा देतो, कारण सकाळी शरीर इन्सुलिनला तसंही कमी दाद देतं. तेच पोहे निम्मे करून बरोबर वाटीभर मोडाची मटकी किंवा दोन अंडी घेतली तर चढ बराच उतरतो. भाकरीचं प्रकरण आणखी मजेशीर. 'पोळी सोडली, आता ज्वारीचीच भाकरी' असं अभिमानाने सांगितलं जातं. २५ ग्रॅम कणकेच्या फुलक्यात साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं असतात. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४०. दोन फुलके सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याने कर्बोदकं दुपटीहून जास्त केली. भाकरी चांगलीच आहे, पण एका वेळी एक. यासाठी एक आठवडा स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवावा आणि कोरडं पीठ, कोरडे तांदूळ मोजावेत. आठवड्यानंतर हाताला अंदाज येतो, काटा परत ठेवून द्यावा.

कोकण-गोव्यात भात सोडायला सांगितला की माणूस दोन दिवस चपात्या खातो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा डोंगराएवढा भात घेतो. ४० ग्रॅम कोरड्या तांदळाचा, म्हणजे शिजून एक वाटी भात, वर भरपूर मासळी आणि भाजी, हे टिकणारं जेवण आहे. आपल्या पानात पहिला येतो वरणभात, तूप-लिंबू घालून. तोच क्रम उलटा करावा: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा मासे, आणि पोळी-भात शेवटी. पदार्थ तेच, चढ कमी. हे कोणालाही न सांगता पंगतीतही करता येतं.

चहाकडे दुर्लक्ष होतं. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे जवळपास ३५-४० ग्रॅम साखर, तीही जेवणांच्या मधे. अर्ध्या चमच्याने आठवड्याला कमी करत गेलं तर महिन्यात जीभ सवय लावून घेते. गूळ आणि मध यांनी साखरेची जागा घेऊ नये; रक्ताला त्यांच्यातला फरक जवळजवळ कळत नाही. 'डायबेटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांचा पुडा उलटा करून एकूण कर्बोदकं वाचावीत, 'साखर ०' ही ओळ नाही.

उपवास हा स्वतंत्र विषय आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, वर बटाटा. भगरही भाताच्याच जातीची. उपास करायचाच तर दाणे, दही, ताक, काकडी, पनीर यांच्यावर भर द्यावा. आणि गोळी कोणती चालू आहे त्यावर उपास ठरतो, तो मुद्दा पुढे.

गोळी बहुधा मेटफॉर्मिनने सुरू होते. ५०० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच, आणि एकदोन आठवड्यांनी वाढवत. एकदम हजारावर गेलं की जुलाब, मळमळ, तोंडाला धातूची चव. लोक 'मला सोसत नाही' म्हणून सोडतात, तेव्हा बहुधा डोस घाईने वाढवलेला असतो. एसआर म्हणजे हळू विरघळणारी गोळी पोटाला सौम्य असते. ती तोडू किंवा चावू नये. शौचात गोळीसारखं टरफल दिसलं तर औषध वाया गेलं असं नाही, आतलं औषध शोषलं गेलेलं असतं. एकटी मेटफॉर्मिन साखर धोकादायकरीत्या खाली नेत नाही. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ उतरतं. शिरेतून डाय देऊन सीटी स्कॅन करायचा असेल तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं.

पाकीट मात्र वाचा. आपल्याकडे मिश्र गोळ्यांचा सुळसुळाट आहे. नावाच्या शेवटी 'एम १', 'एम २' असं काही असेल तर तो आकडा बहुधा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम असतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवा अगर न जेवा. ही गोळी घेऊन एकादशी केली, किंवा गोळी घेतल्यावर लग्नाची पंगत दोन तास लांबली, तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक, चिडचिड. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून खाली असेल तर पुन्हा तेच. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धाने साखर रक्तात जायला उशीर लागतो. वर आल्यावर काहीतरी खायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. घरातल्या एकाला तरी हे पाठ हवं. बरेच दिवस साखर ३०० राहिलेल्या माणसाला १०० वर आल्यावरही असंच वाटतं. आकडा पाहूनच काय ते ठरवावं.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात. त्या चालू असताना लघवीच्या तपासणीत साखर येणारच, त्याने दचकू नये. गुप्तांगाला खाज आणि बुरशी हा त्यांचा नेहमीचा त्रास. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं ठेवल्याने बराच टळतो. उलट्या-जुलाब चालू असताना, कडक उपासात आणि ऑपरेशनआधी या गोळ्या थांबवायच्या असतात, किती दिवस ते डॉक्टरांना विचारून. काढे आणि 'मुळापासून बरा करणाऱ्या' चूर्णांविषयी एवढंच: अशा बिनलेबल पुड्यांत इंग्रजी औषधाचीच भेसळ सापडल्याची उदाहरणं आहेत. चूर्णाने दोन दिवसांत साखर शंभराने उतरली तर आनंदापेक्षा संशय यायला हवा.

चालणं सकाळी एकरकमी पाऊण तास करण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहापंधरा मिनिटं केलं तर जोडीच्या आकड्यांत लगेच दिसतं. आठवड्याला १५० मिनिटं, लागोपाठ दोन दिवस खाडा नाही. त्यात दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही: खुर्चीतून उठबस, भिंतीवरचे जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार मांड्यांत आहे.

पाय रोज रात्री पाहायचे, तळव्याखाली आरसा धरून. बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावायचं नाही, कुरूप ब्लेडने कापायचं नाही, गरम पाण्यात पाय शेकायचे नाहीत. मोनोफिलामेंटला दाद न देणारा पाय असेल तर उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. फोड आलेला कळतच नाही. अंगठ्याची चप्पल पायातून निसटली तरी अशा पायाला पत्ता लागत नाही, मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी.

तीन महिन्यांनी दुसरं एचबीएवनसी. त्याआधी मीटरची वही उघडून सगळ्या आकड्यांची सरासरी काढून ठेवावी आणि रिपोर्टातल्या सरासरीशी ताडून पाहावी. मीटर १३० म्हणतंय आणि एचबीएवनसी ८ टक्के, म्हणजे १८३, असं निघालं तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते: आपण चुकीच्या वेळी टोचतोय, म्हणजे जेवणानंतरचे उंचवटे वहीत येतच नाहीत, किंवा हिमोग्लोबिनचा घोळ आहे. ९ वरून ७.२ आलं असेल तर ते चांगलं आहे. बहुतेकांसाठी ७च्या आत हे उद्दिष्ट असतं आणि तिथपर्यंत जायला आणखी तीन महिने आहेत.

६.२ आलं तर 'गेला' असं म्हणून गोळी बंद करू नये. आजार माघारी गेला असं म्हणायला सगळी औषधं थांबवल्यावर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.५च्या खाली असावं लागतं, अशी २०२१ साली ठरलेली व्याख्या आहे. हे घडतं, पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते: ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासात वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा आजार माघारी गेला होता, १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत ८६ टक्के. ते लोक आपल्यापेक्षा जाड होते आणि निदान होऊन सहा वर्षांच्या आतले होते. त्या वाटेने जायचं असेल तर गोळी कमी करण्याचा क्रम डॉक्टरांशी बोलून आधी लिहून घ्यावा, आणि माघारी गेला तरी डोळे, पाय आणि लघवीची तपासणी दर वर्षी चालूच ठेवावी.